अप्पांची काठी, टोकापर्यंत

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २४ नोव्हेंबर २०२४

चि. मृत्युंजय यास भुवनेश्वरी अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी अप्पांचं बोलायला लागले की तू लेन्सच्या नंबरांवर घसरतोस, म्हणून हे पत्र. पत्र वाचताना तुला मध्ये बोलता येणार नाही, हा त्यातला फायदा.

तू पाठवलेले विटांच्या भिंतीचे फोटो पोचले. भिंत एकच, लेन्स निरनिराळ्या, आणि वर प्रश्न की कोपरे कुठल्या फोटोत जास्त स्वच्छ आहेत. मला कोपऱ्यातही वीट दिसली आणि मध्येही वीटच दिसली. आईला दाखवले, तर तिनं विचारलं की पोरगं पुण्यात घर बांधायलंय काय. लेन्स बघायला भिंतीचे फोटो काढतात, हे तिला समजावताना माझीच मला लाज वाटली.

आता कामाचं. अप्पांच्या खांद्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. येती संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली की नंदीध्वजाची ती उंच काठी पेलणं बंद. अप्पांनी मान हलवली, आणि घरी येऊन देवघरात दिवा लावला. त्यानंतर काठी धरायची त्यांची पाळी आळीतल्या चनबसप्पांच्या घरात जाईल, कारण आपल्या घरात पेलणारं कुणी नाही. हे अप्पा बोलत नाहीत, मी बोलतेय.

त्यांनी एकच मागितलंय. बाराबंदी घातलेले ते आणि त्यांच्या हातातली काठी, पायापासून टोकापर्यंत एका फोटोत. आजवर जो आला त्यानं त्यांचा चेहरा काढला आणि काठी वरून कापली. हे काम त्यांनी तुला सांगितलंय. तेव्हा एक लेन्स ठरव बाबा. लोक बायको याहून लवकर ठरवतात.

आईचे आशीर्वाद. रागावलास तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
अक्का


पुणे, ६ डिसेंबर २०२४

ती. अक्कास मृत्युंजयचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो. तुला हे सगळं खुळेपण वाटतं, पण ते तसं नाही. जवळचा चेहरा सुंदर घेणारी लेन्स लावली तर काठी मावत नाही. सगळं मावणारी वाइड लेन्स लावली तर कडेच्या सरळ वस्तू वाकतात. अप्पांची काठी फोटोत वाकली, तर ते मला दारात उभं करतील का? म्हणून इतके दिवस लागले. अखेर वाइडच घेतोय, आणि काठी बरोबर मधोमध ठेवणार.

फोटो सुधारायचं सॉफ्टवेअरही ठरलं. एक फार शिकावं लागतं, एकाचं दर महिन्याला भाडं. मी घेतलंय ते स्वतःच सगळं करतं. आपल्याकडे रस्त्यावर विजेच्या तारा किती लोंबतात, तुला माहीत आहे. हे एका बटणात तारा, खांब पुसून आभाळ मोकळं करतं.

पेलण्याबद्दल तू टोमणा मारलास, तो बसला. शाळेत असताना सरावाची काठी माझ्या हातून कलली आणि सगळी आळी हसली, तेव्हापासून मी लांबूनच बघतो. मला जे जमतं ते मी नीट करीन. अप्पांना सांग, टोकापर्यंत येईल.

आईअप्पांना नमस्कार. टोमणे मार, पण लोभ ठेव.
तुझा,
मृत्युंजय


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २० जानेवारी २०२५

चि. मृत्युंजय यास आशीर्वाद, पण आज हात आखडता घेऊन. वि. वि.

तुझा फोटो मोठा छापून, काचेच्या चौकटीत घालून, कुरियरनं आला. अप्पांनी हात धुऊन चौकट मांडीवर घेतली. आई, मी, चनबसप्पा, सगळे भोवती. कागद सोडला आणि सगळे पुढे वाकले.

आभाळ निळंभोर, एकही तार नाही. गर्दीही धूसर, तुला आवडते तशी. बाराबंदीची प्रत्येक घडी मोजता येते. आणि मध्ये आपले अप्पा, दोन्ही हात छातीपुढे, मुठी आवळलेल्या, मान ताठ, आणि मुठीत काही नाही. तुझ्या त्या हुशार यंत्राला काठी विजेचा खांब वाटली. टोकाचा हार मात्र खांबासारखा नव्हता, म्हणून तो राहिला. तो वर आभाळात एकटाच लोंबकळतोय.

चनबसप्पा म्हणाले की मालक दोरीशिवाय रस्सीखेच खेळायलेत. ते हसले आणि मग अप्पांकडे बघून हसायचे थांबले.

इतक्या रात्री जागून भिंतींचे कोपरे तपासलेस, आणि पाठवण्याआधी आपल्या बापाच्या हाताकडे बघितलं नाहीस? तुझी नजर आभाळ किती स्वच्छ झालं यावर होती. चांगलं झालं रे आभाळ. तेवढ्यासाठीच अप्पा इतकी वर्षं काठी घेऊन चालत होते, नाही का?

मूळ फोटो असेल तर लगेच पाठव. नसेल तर मला लेन्सबद्दल पुन्हा एक अक्षर लिहू नकोस.

लोभ आहे. आज दाखवायची इच्छा नाही.
अक्का


पुणे, २७ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मूळ फोटो नाही. दुसऱ्या दिवशी शोभेच्या दारूकामाचे फोटो काढायला कार्ड मोकळं केलं. सुधारलेले फोटो ठेवले आणि मूळ पुसले, कारण सुधारलेले जास्त चांगले दिसत होते. हे लिहिताना मला माझाच राग येतोय. बाकीच्या फोटोंत अप्पांचा चेहरा आहे, हात आहेत, काठी वरून कापलेली आहे. सगळ्यांनी काढले तसेच मीही काढले.

अप्पा फोनवर येत नाहीत. आई म्हणते झोपलेत. दुपारी चारलाही झोपलेत, सकाळी दहालाही झोपलेत. अक्का, ते काय म्हणाले ते मला सांग. वाईट असलं तरी सांग.

ती चौकट उतरवून ठेव. मी येऊन फोडीन.
मृत्युंजय


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ५ फेब्रुवारी २०२५

चि. मृत्युंजय यास सिद्धलिंगप्पाचे शुभाशीर्वाद. वि. वि.

मी झोपलो नव्हतो. तुझ्याशी बोललो असतो तर रागानं बोललो असतो, म्हणून थांबलो. राग आला होता. आता पुष्कळ कमी झालाय, सगळा गेला नाही.

चौकट फोडायची नाही. मी ती बैठकीत लावली आहे. तुझ्या अक्कानं मला वेड्यात काढलं. पण मी रोज तो फोटो बघतो. पुढच्या यात्रेत मी रस्त्याच्या कडेला उभा असेन, आणि काठी समोरून गेली की माझे हात असेच होतील. तू चुकून पुढच्या वर्षीचा फोटो काढलास. तो मला आत्ताच सोसवेना, तर तेव्हा कसा सोसवेल, हा विचार करत होतो.

म्हणून चनबसप्पांकडे गेलो. पाळी अजून सोडलेली नाही असं सांगून आलो. ते म्हणाले, तुमचं पोरगं लांबून बघणारं हाय की. मी म्हणालो, आतापर्यंत होतं.

सरावाला ये. काठी कलेल. शाळेत असताना तुझी कलली, तशी माझीही पहिल्या वर्षी कलली होती, आणि आळी तेव्हाही हसलीच होती. मी मागे उभा राहीन. खांदा गेलाय, आवाज गेलेला नाही. यायचं नसेल तर तसं स्वच्छ लिही, मी मन आवरीन. पण सॉफ्टवेअर अमुक म्हणतंय असलं काही लिहू नकोस.

येताना कॅमेरा आण आणि भुवनेश्वरीच्या हातात दे. तुझा फोटो ती काढणार आहे, काठीसकट, टोकापर्यंत. तुला सांगू नका म्हणाली होती, तरी सांगतो. ती सध्या मोबाइलवर परसातल्या भिंतीचे फोटो काढून मला दाखवते आणि कोपरे कसे आलेत विचारते. कुठली लेन्स, ते अजून ठरत नाही. तिला हसू नकोस.

आईचे आशीर्वाद. घरची माया तिथंच आहे, जिथं सोडून गेलास.
तुझा,
अप्पा