दुसऱ्यांदा उतू गेलेलं दूध

चँडलर, ॲरिझोना
२१ ऑक्टोबर २००७, दसरा

ती. शैलाबाई,

इथूनच वाकून तुमच्या पायांना हात लावते. आपटा इथे कुठला मिळायला! दारातल्या मेस्किटच्या झाडाची एक डहाळी पाकिटात घातली आहे. पोचेपर्यंत चुरा होईल, तरी सोनं म्हणूनच घ्या.

हा पहिला कागद नेहमीप्रमाणे आई-आबांना वाचून दाखवा. माझी तब्येत उत्तम आहे. खाणं वेळेवर. ऊन आता जरा उतरलं आहे. आबांना सांगा, इथली घरं लाकडाच्या पट्ट्यांवर उभी राहतात, भिंतीत वीट म्हणून नसते. त्यांना खोटं वाटेल. धाकट्या लताचा बारावीचा फॉर्म भरला का? आत्या तिच्यासाठी स्थळ घेऊन आली तर आईने चहा द्यावा आणि विषय बदलावा.

सर्वांना नमस्कार.

तुमची रत्ना

बाई, हा दुसरा कागद मात्र घडी घालून तुमच्याजवळच ठेवा. फोनवर बोलले असते, पण मी घेऊन दिलेला मोबाईल आई स्पीकरवर टाकते आणि आमची अख्खी आळी ऐकते.

मला फार भीती वाटते आहे.

देवांगच्या कंपनीबद्दल मागे लिहिलं होतं. तो इथेच जन्मलेला, मराठी आईवडिलांचा, माझ्याहून थोडा मोठा. त्याने ‘ओसरी’ नावाची वेबसाइट काढली. एकट्याला घर परवडत नाही, तर बऱ्याच कुटुंबांनी मिळून एक घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि भाडं वाटून घ्यायचं. नळ गळला, एसी बिघडला, अंगणातला पोहण्याचा हौद साफ करायचा झाला, तर माणूसही त्याच वेबसाइटवरून मागवायचा. मला ही कल्पना मनापासून आवडली होती. आबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे पाये खणले. थोडंथोडं घालून कुणाचंही घर होऊ शकतं हे मला पटायला वेळ लागला नाही. घरांवर लक्ष ठेवणं, दुरुस्तीची माणसं पाठवणं आणि भागीदारांना दर महिन्याला मराठीतून खुशाली कळवणं हे माझं काम. त्या पत्रांखाली सही माझी.

इथल्या आपल्या लोकांनी एक रीत पाडली आहे. घर घेतलं की सगळे भागीदार तिथे जमतात, दाराला तोरण बांधतात आणि नव्या शेगडीवर दूध उतू घालतात. वकिलाकडून इंग्रजी कागदांचा गठ्ठा येतो, तो कुणी वाचत नाही. दूध उतू गेलं की घर आपलं झालं. पाडव्याच्या सुमारास आमच्या गटाने पहिलं घर घेतलं तेव्हा दूध मीच ठेवलं होतं. धुराने छताचा भोंगा वाजायला लागला. जगन्नाथकाका खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने वारा घालत होते आणि खालून प्रतिमाकाकू ओरडत होत्या, “अहो, उतरा! घर आलं आणि नवरा गेला असं नको व्हायला!” किती हसलो होतो. हे दोघं मला लेकीसारखं वागवतात, हे तुम्हाला लिहिलंच आहे. सगळे गेल्यावर विजेच्या शेगडीची कॉइल उचलून खालची बशी मी घासून लख्ख केली, कारण भाडेकरू यायचा होता.

भाडेकरू आलाच नाही. “येईल, मार्केट जरा स्लो आहे,” देवांग म्हणायचा. भाड्याचा वाटा मात्र सगळ्यांना मिळत राहिला. रिकाम्या घराचं भाडं कुठून येतं, हे मी विचारायला हवं होतं. मी खुशालीत ‘घर उत्तम आहे’ असं लिहीत राहिले.

गेल्या शनिवारी शेजारच्या बाईंचा फोन आला, की हौद शेवाळून हिरवागार झालाय, डास झालेत. मी किल्ली घेऊन गेले. दाराला तोरण होतं. आमचं झेंडूचं होतं, ते मी स्वतः काढून टाकलं होतं. हे प्लॅस्टिकच्या आंब्याच्या पानांचं. उंबऱ्यावर ताजं हळदीकुंकू. आत गेले, कॉइल उचलली. खाली दूध जळून काळं झालेलं आणि त्यात अक्षता चिकटलेल्या. शेजारीणबाई दारातूनच म्हणाल्या, “काल परत तुमची पार्टी होती ना? साड्या नेसून किती बायका आल्या होत्या! मला वाटलं, तूही असशील.”

मी कॉइल पुन्हा जागेवर ठेवली आणि दार ओढून घेतलं.

सोमवारी देवांगला विचारलं. त्याने लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

“ते टूसानचे लोक होते. त्यांच्या घराचे कागद क्लोज व्हायला टाइम लागतोय, सो टेम्पररी हे दाखवलं.”

“पण त्यांनी दूध उतू घातलं.”

“सो?”

“सो त्यांना वाटतंय की हे घर त्यांचं आहे. एका घरात दोन-दोनदा दूध?”

“रत्ना, रिलॅक्स यार. दूध पुसता येतं. क्लीनर पाठव, आपलीच तर साइट आहे.” आणि तो हसला.

मी म्हणाले, मी सगळ्यांना सांगणार. तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला. आवाज मुळीच चढवला नाही. “सांग ना. पत्रांखाली नाव तुझं आहे. आणि तुझा व्हिसा माझ्या कंपनीचा आहे. आठवतंय ना?”

तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही. नोकरी गेली तर हा देश सोडावा लागेल. पोलीस आले तर आधी माझंच नाव विचारतील. हे सगळं सोसेन असं मी रोज स्वतःला बजावते, आणि मग आत्या डोळ्यांसमोर येते. मी अशी तोंड लपवत परत आले तर ती आमच्या ओट्यावर बसून म्हणेल, “शिकवलीत ना पोरगी? घ्या आता.” आबा उठून आत जातील. आणि लताचा फॉर्म भरला जाणार नाही. घरात पहिली शिकलेली मी. माझ्या मागे दार बंद व्हायला एवढं पुरेल.

आज दसऱ्याच्या मुहूर्तावर जगन्नाथकाका नव्या घरात मोठा वाटा घेणार आहेत. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालं ते सगळं त्यात घालणार. ते घर मी पाहिलेलंसुद्धा नाही. काल काकूंचा फोन आला, “दूध तूच ठेव हं, तुझ्या हाताला यश आहे. आणि हे म्हणतायत, रत्ना आहे ना तिथे, मग मी कशाला कागद वाचत बसू!”

मी “हो काकू” म्हणाले. जीभ कशी वळली माझी?

तुम्हाला आठवतं का, मुकादमाने आबांना अंगठा उठवायला फसवा कागद दिला होता तो? तुम्ही तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला होतात. मी तुमच्या वर्गात चौथीत होते, अडखळत होते, आणि आबा शाळेच्या पायरीवर उकिडवे बसून एकेक शब्द ऐकत होते. त्यांनी अंगठा दिला नाही. मुकादमाने त्यांना कामावरून काढलं. त्या दिवसांत घरात काय शिजलं ते मला आठवत नाही. आबांचं ऐकणं तेवढं आठवतं.

तर असं ठरवलं आहे. आता काकांकडे जाते. त्यांना पूजेला न नेता आधी आमच्या गटाच्या पहिल्या घरी नेईन आणि कॉइल उचलून दाखवीन. तो डाग मी पुसलेला नाही. माझ्या सहीच्या पत्रांचंही तिथेच सांगेन. मग टूसानच्या लोकांचा पत्ता काढायचा. काका मला दारातून हाकलतील कदाचित.

हे पत्र वाटेत पेटीत टाकते. तुम्हाला कळवून टाकलं की मग मला मागे फिरता येणार नाही. दूध घरीच ठेवून निघते आहे.

तुमच्याकडे मागणं एकच. हे पत्र मिळेल त्याच दिवशी लताला बोलावून घ्या आणि तिचा फॉर्म तुमच्यासमोर भरून घ्या. माझी बातमी गावात पोचायच्या आत.

घाबरलेली, पण निघालेली,
तुमची
रत्ना

ता. क. पहिल्या कागदावरची ‘खाणं वेळेवर’ ही ओळ आईला वाचून दाखवू नका. ती खरी नाही, आणि तिच्याखालीही सही माझीच आहे.