अल्ताफ, व्हॉल्यूम वन

रविवार, ८ फेब्रुवारी १९९८. भद्रावती.
आजपासून डायरी. मोठ्या कलाकारांच्या डायऱ्या नंतर लोकांच्या कामी येतात.
खुशालनं कॅसेट दिली. खुशाल माझा जिगरी, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत राहते. कॅसेट अमेरिकेतल्या एका पोट्ट्याची. ब्लूज रॉक. काय गिटार वाजवते, बापा! सोळाव्या वर्षी पहिला अल्बम, अठराव्या वर्षी दुसरा. मी एकवीसचा. म्हणजे दोन अल्बम मागं आहो. टेन्शन नाई. उन्हाळ्यात बरोबरी.

१० फेब्रुवारी
खुशाल म्हणे, ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं. ज्याले दुःख नाई त्याले ब्लूज नाई. मी हिशोब लावला. गिटार आहे. टॅलेंट आहे. केस वाढवून राह्यलो. फक्त दुःख कमी पडते.
ठराव: उद्यापासून दुःखी राहायचं.

११ फेब्रुवारी
जमलं नाई. अम्मीनं खिमा केला.

१५ फेब्रुवारी
नवा प्लॅन. मोहल्ल्यातल्या निशात नावाच्या पोरीले विचारायचं, नकार घ्यायचा, आणि घरी येऊन वाजवायचं. विचारलं. ती खदखदा हसली. म्हणे, अल्ताफभाई, आधी केस कापा. भाई म्हटलं म्हणून थोडं वाईट वाटलं, पण चहापर्यंतच टिकलं.

१८ फेब्रुवारी
अब्बाले घेऊन अम्मी चंद्रपूरले जाऊन आली. अब्बा म्हणजे कय्यूम मास्टर. गावातला ब्रास बँड त्यांचा, क्लॅरिनेट तेच वाजवते. डॉक्टरनं सांगतलं, छाती गेली आहे, आता फुंकणं बंद. नाई तर एक दिवस दम परत येणार नाई.
अब्बा मले म्हणे, बेटा, क्लॅरिनेट की जगह तू गिटार पे धून निकाल. मैं बस साथ चलूंगा.
मी साफ सांगतलं, कलाकार वरातीत वाजवत नसते. अम्मीनं ताट आपटलं. घरात सारं सुनं सुनं. ब्लूजले माहोल एकदम फिट होता, पण नेमकी तार तुटलेली.

२७ फेब्रुवारी
हो म्हटलं. खुशालच्या भावाचं, मिथुनभाऊचं लग्न आहे १९ एप्रिलले. बँड आपलाच. दोस्तीखातर एकदा वाजवतो. अब्बा इतके खुश झाले का विचारू नका. मी मनानं मोठा आहो, हे मानाच लागते.

१० मार्च
रोज दुपारी अब्बा मागच्या खोलीत दार लावून क्लॅरिनेट वाजवते. दोन ओळी फुंकल्या का बसते, पाणी पिते, खोकते, पुन्हा दोन ओळी. डॉक्टरनं मना केलं तरी! नेमकी माझ्या रियाझाची वेळ. अम्मीले म्हटलं, त्यायले सांग ना. अम्मी उठून त्यायलेच पाणी देऊन आली. या घरात कलेची कदर नाई.

२२ मार्च, रविवार
अल्बम रेकॉर्ड!! 'अल्ताफ, व्हॉल्यूम वन'. खुशालच्या डेकवर. कोरी कॅसेट कुठीच भेटली नाई, पण घरी टेबलावर एक पडली होती, वर नाव-गाव काही नाई. लावून पाह्यली तर क्लॅरिनेट. म्हटलं, बँडचं जुनं काहीतरी असन. दोन्ही साइड भरल्या. खुशाल म्हणे, पण अल्ताफ, हे सारं एकच गाणं वाटून राह्यलं. म्हटलं, ब्लूज असंच असते.

२४ मार्च
अब्बांनी विचारलं, टेबल पे कॅसेट रखी थी, मिली क्या? म्हणे, वरातीच्या, नाचाच्या, भीमगीतांच्या, साऱ्या धुनी तिच्यात भरून ठेवल्या. तुले सरगम लिहिलेली वाचता येत नाई, ऐकून तर उचलशील. अब महिनाभर वही सुन.
म्हटलं, मिळाली.
हे काही खोटं नाई. मिळालीच होती.

२५ मार्च
ठराव: कॅसेटचं जुम्म्याले सांगून टाकायचं. जुम्म्याले माणूस नरम असते.

२७ मार्च, जुम्मा
अब्बा मशिदीतून आले ते भिंत धरत धरत. ओट्यावर किती वेळ बसले, बोलणं निघेना. आता अशा माणसाले कोण सांगन? माणुसकी आहे का नाई काही.

५ एप्रिल
अब्बा: याद हुआ? मी: झालं. अब्बा: बजा के दिखा. मी: डायरेक्ट वरातीतच ऐका.
अब्बा हसले. ढोलवाल्या पोचूभाऊले सांगून आले, पोरगं तयार झालं म्हणून. क्लॅरिनेट पुसली, कापडात गुंडाळली, बँडच्या गाड्यावरच्या पेटीत ठेवून दिली. म्हणे, छुट्टी.
मले आवडलं नाई त्यायचं असं हसणं. माणसानं इतका भरोसा ठेवू नाई कोणावर.

१४ एप्रिल
आज जयंती. कॉलनीत भोंग्यांवर सकाळपासून भीमगीतं. गिटार घेऊन तिथंच बसायचं, ऐकून ऐकून धुनी उचलायच्या, असा जबरदस्त प्लॅन होता. खुशालच्या घरी जेवण झालं. मग डोळा लागला.

१८ एप्रिल
उद्या. घाबरायचं काऊन? वरातीची धून म्हणजे असते काय! त्या अमेरिकेतल्या पोट्ट्याच्या अल्बममधली एक चाल पक्की बसली आहे, तीच फास्ट घेतो. नाचणाऱ्यायले काय समजते.

२० एप्रिल
काल संध्याकाळी कॉलनीतून वरात निघाली. मी वाजवलं. नाचणारे थांबले. मिथुनभाऊचे मामा म्हणे, वरात आहे का मयत? फास्ट घेतलं. तेच आलं. आणखी फास्ट घेतलं, तरी तेच. मले दुसरं काही येतच नाई, हे मले तिथं रस्त्यात समजलं. खुशालनं मान फिरवली.
अब्बा जवळ आले. हळूच म्हणे, कॅसेटवाली धून बजा, बेटा.
म्हटलं, ती पुसल्या गेली. माझ्या अल्बमनं.
रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणे, अच्छा. आणि क्लॅरिनेटची पेटी उघडली.
पोचूभाऊनं नको नको केलं. अब्बा म्हणे, लोकाच्या घरचं लग्न आहे. कॉलनीपासून गावातल्या हॉलपर्यंत अब्बांनी वाजवलं. लोक भलतेच नाचले. लाईटवाला एक माणूस कमी होता, पोचूभाऊनं माझ्या हातातली गिटार काढून घेतली, डोक्यावर ट्यूबलाईट ठेवली आणि अब्बाच्या बाजूले उभं केलं. सारा उजेड त्यायच्या तोंडावर. गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. ओठ काळे पडत गेले. बस करा, असं मी म्हणू शकत होतो. म्हटलं नाई. बस केलं असतं तर वाजवणार कोण?
हॉलपाशी धून पुरी केली, मग खाली बसले. उठले नाई.

२१ एप्रिल. चंद्रपूर.
अब्बा दवाखान्यात. नाकात नळी. डोळे उघडते, बोलत नाई. मले भेव लागून राह्यलं. गिटार कुठी आहे मालूम नाई, कोणाले विचारलं पण नाई.
डॉक्टर अम्मीवर चिडले. मना केलं होतं तरी फुंकू काऊन दिलं? घरात दुसरं कोणी वाजवणारं नाई का? अम्मीनं माझ्याकडं पाह्यलं.
मी म्हटलं, नाई.
डॉक्टर म्हणे, तू मुलगा ना त्यांचा? तू काय करतोस बँडमध्ये?
म्हटलं, लाईट धरतो.