पंचमीला चिरलेली काकडी

अव्वा, आज माझ्या नातीला, म्हणजे तुझ्या पणतीला, कांजिण्यांची लस टोचून आणली. सव्वा वर्षाची आहे, सुई पाहून तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. घरी येऊन तिला निजवलं आणि तुझ्याशी भांडायला बसले. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, पण हे भांडण त्याहून जुनं आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा की तिसरा श्रावण होता. आपण अक्कलकोट रोडला राहत होतो, मी आठ वर्षांची. नागपंचमीला घरात काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हा तुझा दुधनीच्या माहेरचा कडक नेम. तू दिंडं उकडत होतीस. मला दम निघेना, मी विळी ओढली आणि काकडी चिरून खाल्ली. तुला देठ सापडला, माझ्या पाठीत धपाटा बसला. तेवढ्यावर मिटलं असं मला वाटलं. पण पंधरा दिवसांनी कमरेला डाव्या बाजूनं फोडांचा पट्टा उठला. परकराची नाडी लागली तरी आग व्हायची. गल्लीत नागीण उतरवणारे एक आजोबा होते. पट्ट्याची दोन टोकं एकमेकांना मिळाली की माणूस जातो, असं सगळेच मानायचे. आजोबांनी दोन्ही टोकांपुढं कावेच्या तांबड्या रेघा ओढल्या आणि विचारलं, "पोरीनं पंचमीला काय चिरलं-बिरलं का?" तू लगेच सांगून टाकलंस.

दुसऱ्या सकाळी तू मला वारुळापाशी नेतेस. शेजारच्या चार बायका सोबत आहेत.

"नाक घास. चुकलं म्हन."

"न्हाय म्हननार. काकडीच चिरली की!"

"दोनी टोकं मिळाली की मरशील, कळतंय का?"

"मरू दे."

तू सगळ्यांदेखत मुस्काटात लगावलीस आणि मग स्वतःच वारुळापुढं लोटांगण घातलंस. मी उभीच. खपल्या पडेपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. मी मरणाला घाबरून दिवसातून दहादा कंबर चाचपायची. बरी झाले ती तुझ्या लोटांगणानं आणि आजारी पडले ती माझ्या गुणांनी, असं तू पुढं दर पंचमीला येईल-जाईल त्याला सांगत राहिलीस.

आता माझं ऐक. मी नर्स झाले तेव्हा मला खरं कळलं. आठ महिन्यांची असताना मला कांजिण्या आल्या होत्या. तू घरात फोडणी बंद ठेवलीस, अंथरुणात लिंबाचा पाला घातलास, हे तूच कौतुकानं सांगायचीस. फोड गेले, पण विषाणू मज्जातंतूत दडून बसतो आणि कधीतरी नागीण होऊन वर येतो. वर्षाच्या आत कांजिण्या झालेल्यांना ती लहानपणीच यायचा संभव जास्त. लस घेतलेल्या मुलांत ती बरीच कमी दिसते. तेव्हा ही लस नव्हती, त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. तू मला लावलास, त्याचा मला राग आहे, अजून आहे. काकडीचा काडीचाही संबंध नव्हता, अव्वा. पोरीला भूक लागली होती, बस्स. आज पुन्हा वारुळापाशी नेलंस तरी मी नाक घासणार नाही.

हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, वहीतच राहणार, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवसांत तू दुपारी माझ्याकडं पाठ करून पडायचीस. चुकलं म्हटलं असतं तर वळून जवळ घेतलं असतंस, हे मला ठाऊक होतं. एका दुपारी मी म्हणालेही, अगदी हळू. तुला झोप लागली होती.