दगडी कावळ्यांखालचं पान

२५ सप्टेंबर १९५३
पुन्हा पान! बंगल्याच्या दाराशी, त्या दगडी कावळ्यांच्या बरोबर खाली — भात, वडा, खीर. पितृपक्ष आहे, मान्य. पण पान परसात ठेवायचं की दारावरच्या नक्षीला? हे धाकूचंच काम. राखणदार म्हणून ठेवला, आता पुजारी व्हायला बघतोय. अजून कुणाला काही विचारलेलं नाही. उगाच सावध होतील.

२६ सप्टेंबर
कंत्राटदार बंगला बघून गेला. हसत होता. ठाण्याच्या उकाड्यात दिवाणखान्याला शेकोटी, हातभर जाड भिंती, एवढ्याशा खिडक्या, वर बोटीने आणलेली पाटीच्या दगडाची कौलं! बांधणारा साहेब वेल्सचा — इंग्रज म्हटलं की चिडायचा. तिकडचं वाडवडिलांचं घर भावकीने बळकावलं, म्हणून इथे त्याची नक्कल उभारली. दारावर घराण्याच्या निशाणीचे तीन कावळेसुद्धा कोरून घेतले. मूलबाळ नाही. मायदेशी परत जाताना घर त्याच्या ओव्हरसियरला, म्हणजे माझ्या वडिलांना, नानांना, देऊन गेला. तिकडेच वारला. आता नानाही गेले आणि मी विकतोय. पाडून चाळी होतील. होऊ देत!

पान बघून मात्र कंत्राटदार थबकला. "उद्या इथे शेंदूर लागला तर एक मजूर कुदळ उचलणार नाही, साहेब."

म्हणजे हाच डाव! बंगला पडला की धाकूची खोलीही जाणार ना.

२७ सप्टेंबर
धाकूला सकाळीच काढला. "मी नाय ठेवला दादा, पोरांची आन!" सगळे असंच म्हणतात. शीळला भावाकडे गेला. गोदाला सांगितलं नाही. ती आजच बाजूला बसली आहे, मागच्या खोलीत. पिठलं मीच ढवळतोय. कळलं तर लगेच त्याची वकिली करेल.

२८ सप्टेंबर
पान नाही. बघा!

३० सप्टेंबर
कालही नाही, आजही नाही. पक्कं झालं. दुपारी जाऊन खरेदीखतावर सही करून आलो — धाकू नवं काही काढायच्या आत. पितृपक्षात असले व्यवहार कुणी करत नाही. मी केला.

१ ऑक्टोबर
गोदा न्हाली. दारात पान आहे.

"साहेबाचं," म्हणाली. "त्याच्यामागे कोण आहे? हे कावळे म्हणजे माझी माणसं, म्हणायचा. तुम्ही नागपूरला नोकरीत होतात, तेव्हा मामंजी ठेवायचे. आता मी." मग हातातली वाटी पुढे केली. "उरलेली खीर धाकूला द्या. कुठे आहे तो?"