गिऱ्हाइकाला नाही म्हणताना

मास्तर,

आज सकाळी दुकानाच्या दारावर पाटी लावली. ‘गणपतीपर्यंत नवीन कपडे शिवायला घेणार नाही.’ गणपतीला अजून बावीस दिवस आहेत. पाटी लावून अर्धा तास झाला नसेल, तर खालच्या आळीतल्या काकू दोन ब्लाउजपीस घेऊन दारात उभ्या. पाटी वाचली, न वाचल्यासारखं केलं आणि आत आल्या. मी म्हटलं, “काकू, आता गणपतीनंतर.” त्या म्हणाल्या, “अगो, मुंबईची सून येतेय, तिच्यासमोर जुनं घालू?” मी म्हटलं, मागच्या गल्लीत नवीन दुकान झालंय, त्या पोरीकडे जागा आहे, हात चांगला आहे तिचा, माझ्याकडेच शिकलीय. तर माझ्याकडे शिवायला बसणाऱ्या सगळ्या बायकांसमोर काकू म्हणाल्या, “तुझ्या मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाचं कापड परत पाठवलं न्हाय हो. त्यांच्या हाताखाली शिकलीस आणि हे दिवे लावलेस?”

म्हणून लिहायला बसलेय. दुपारी एक ते चार बोर्लीचा बाजार पेंगत असतो. बायका जेवायला घरी गेल्यात, मशिनं बंद आहेत, आणि माझं डोकं तापलेलं आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी लोक तुमचं नाव माझ्या तोंडावर मारतात. काकूंना मी काही बोलले नाही, गिऱ्हाईक आहे. तुम्हाला मात्र बोलणार आहे.

पहिली गोष्ट, काकू खोटं बोलल्या. तुम्ही एकदा कापड परत पाठवलं होतं. मी तेव्हा सतरा वर्षांची. दहावी नापास. आईबरोबर बाजारात मासळी घेऊन बसायला नको म्हणत होते. आईनं मला दंडाला धरून तुमच्या दुकानात आणलं आणि म्हणाली, “मास्तर, हिला टोपली न्हाय उचलायची, लाज वाटते हिला. हिच्या हाताला काय तरी काम लावा.” तुम्ही माझ्याकडे न बघता माझी बोटं बघितलीत आणि काज-बटणाला बसवलंत. सहा महिन्यांनी एक बाई साडीला फॉल लावायला घेऊन आल्या. मी खाली चटईवर बसून फॉल लावते आहे, आणि त्या म्हणतात, “मास्तर, माझ्या कपड्याला हिचा हात नको. मासळीचा वास राहतो.” तुम्ही कात्री खाली ठेवलीत. माझ्या मांडीवरची साडी उचललीत, नीट चौघडी घातलीत आणि त्या बाईंच्या हातात दिलीत. “मग तुमचं कापड माझ्याकडं नको.” एवढंच. दुसऱ्या दिवशी मला चटईवरून उठवून रस्त्याकडच्या मशीनवर बसवलंत, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या बाजाराला मी दिसेन असं. इतकं मोठं मला त्याआधी कुणी काही दिलं नव्हतं.

पण मास्तर, तो एक दिवस सोडला तर तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं, आणि त्यात तुमचं दुकान बुडत होतं. तुमच्यासारखा हात मी अजून पाहिला नाही. माणूस पायरी चढेपर्यंत तुम्हाला त्याच्या खांद्याचं माप कळायचं. आणि तोंडात मात्र एकच शब्द, ‘परवा’. इतका गोड म्हणायचात की माणूस हसत परत जायचा. श्रावण लागला की कपाट भरायचं, मग खुर्ची, मग जमिनीवर गाठोडी, तरी तुमचं चालूच, “ठेवा, ठेवा, परवा या.” मग तो परवा यायचा. गिऱ्हाईक दिसलं की तुम्ही पडद्यामागे जायचात आणि मी सांगायचं, “मास्तर जेवायला गेलेत.” सकाळी साडेदहाला! पडद्याखालून तुमच्या चपला दिसायच्या. गिऱ्हाइकं चपलांकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि जायची. त्या दिवसांत तुमचा डबा तसाच परत जायचा, हे तुमच्या घरच्यांनंतर फक्त मला माहीत होतं.

आणि मग ते लग्न. वरच्या वाडीतल्या मुलीचा शालूवरचा ब्लाउज. दीड महिना आधी टाकलेला. तिची आई चार वेळा येऊन गेली, चारही वेळा परवा. लग्नाच्या दिवशी सकाळी तुम्ही तो पुरा केलात, हुक राहिले होते, आणि मला म्हणालात, “एस.टी.त बसून लाव. पोचेपर्यंत होईल.” मी खड्ड्यांतून हुक लावत गेले, दोनदा बोटात सुई गेली. गाडीपासून वाडीपर्यंत चढावानं पळत गेले. मांडवात पोचले तेव्हा अंतरपाट धरलेला. नवरीच्या अंगावर हिरवा शालू आणि भावजयीचा लाल ब्लाउज, पाठीत पिना लावून आवळलेला. तिच्या आईनं माझ्या हातातून पिशवी घेतली आणि मला जेवायला बसवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी निघाले तेव्हा नवरीनं हाक मारली. म्हणाली, “ताई, मास्तरांना सांग, पहिल्या दिवशी नाही म्हणाले असते ना, तर मी दुसऱ्या कुणाकडे टाकला असता. मला वेळ होता.”

हे मी तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही पँट कापत होतात. हात न थांबवता म्हणालात, “लग्न लागलं ना? मग झालं तर.” मी म्हटलं, “मास्तर, आपण तिला फसवलं.” तेव्हा कात्री थांबली. “फसवलं? मी रात्रीचा दिवस करतो तो कुणासाठी? पोरी, नाही म्हटलेलं गिऱ्हाईक परत पायरी चढत नाही. तुला दुकान चालवायचं असतं तर कळलं असतं.” मी म्हटलं, “त्या साडीवालीला नाही म्हणालात की.” “ते वेगळं.” “वेगळं कसं?” तुम्ही दारात उभ्या असलेल्या तीन गिऱ्हाइकांसमोर ओरडलात, “एवढी अक्कल आहे तर स्वतःचं दुकान टाक! सहा महिन्यांत आईच्या शेजारी टोपली घेऊन बसशील.”

बसले नाही. हे तुम्हाला ठणकावून सांगायचं आहे. सत्तावीस वर्षं झाली, बसले नाही.

एस.टी. स्टँडच्या मागे मावसभावाचा बंद गाळा होता, तिथे एक जुनं पायाचं मशीन घेऊन सुरुवात केली. भिंतीवर खडूनं महिना आखला. एका दिवसाच्या चौकोनात माझ्या हातून होतील तेवढेच कपडे लिहायचे, चौकोन भरला की पुढचा. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की मी भिंतीकडे बोट दाखवायची. माझ्याशी भांडता येत होतं, भिंतीशी काय भांडणार? सुती कापड आधी भिजवून वाळवल्याशिवाय कात्री लावायची नाही. जुन्या ब्लाउजवरून माप घ्यायचं नाही, बाईला समोर उभं करायचं. सकाळी फक्त कापायचं, डोकं ताजं असतं. आणि दुपारचा एक तास रिकामा ठेवायचा, काल जे चुकलं ते उसवायला. तुमच्या दुकानात चुकायला जागाच नव्हती मास्तर, म्हणून चूक तशीच घरी जायची.

पहिल्या गणपतीत मी इतक्या जणींना परत पाठवलं की आई बाजारातून उठून आली. “काय गो, तोंडानं धंदा घालवशील! लोक म्हनतात, हिला माज हाय.” मी म्हटलं, “असू दे माज.” रात्री उठून गल्ल्यातले पैसे पुन्हा मोजायची, ते तिला सांगितलं नाही. ते वर्ष वाईट गेलं. पुढच्या वर्षी मात्र शिमग्यानंतरच बायका गणपतीचे कपडे टाकून गेल्या. त्यांना कळलं होतं की हिनं बुधवार म्हटला की बुधवार. एक गिऱ्हाईक तर भिंत बघून म्हणालं, “तुझ्या तारखेवर मी जावयाला बोलावलंय.”

प्रत्येक वेळी मी जिंकले असंही नाही. काशीदच्या एका हॉटेलवाल्याला नोकरांसाठी साठ शर्ट आठ दिवसांत हवे होते. मी म्हटलं, वीस देते, बाकी पुढच्या महिन्यात. तो हसला आणि पनवेलहून शिवून आणले, तेही वेळेवर. परत कधी आला नाही. त्याची गाडी बाजारातून जाते तेव्हा अजून मी मान वळवून बघते. पण त्या दिवशी हो म्हटलं असतं तर माझी गाठोडी जमिनीवर आली असती, आणि पडदा लावावा लागला असता. माझ्या दुकानात पडदा नाही.

तुमची दुसरी शिकवण. “कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही. शिलाई शिकव, कापणं शिकवू नको. कापणारा गेला की दुकान गेलं.” मलाही तुम्ही कापायला शिकवलं नव्हतं, मी बघून बघून शिकले. मी मात्र माझ्याकडच्या पाचही जणींना कापायला शिकवलं, रद्दी कागदावर, मग जुन्या चादरींवर. तुम्ही निरोप पाठवलात, “वेडी आहे.” मग एका पावसात मी जेट्टीच्या पायरीवर घसरले, उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. मी खुर्चीवर बसून नुसतं बघत होते, आणि एकही तारीख चुकली नाही. तुम्हाला ताप आला की तुमचं दुकान बंद असायचं, आठवतं? आता हेही ऐका, त्यांच्यातलीच एक गेल्या दिवाळीत निघून गेली आणि मागच्या गल्लीत दुकान टाकलं. माझी काही गिऱ्हाइकं तिच्याकडे गेली. म्हणजे तुमचं खरं झालं. मला आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. पण आज माझा महिना भरला तेव्हा काकूंना पाठवायला मला एक दार होतं, आणि तिथे काम चोख होईल हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होते. गेली तर गेली. उद्या आणखी एकीला शिकवणार आहे.

आता तो दिवस, ज्यावरून तुमच्या घरचे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. तुमचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली होती, डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. गणपतीला नऊ दिवस राहिलेले. तुम्ही काठी टेकत माझी पायरी चढलात, पहिल्यांदाच. काखेत पांढरं कापड. सगळी मशिनं थांबली. मी खुर्ची दिली. तुम्ही म्हणालात, “एक शर्ट शिव. गणपतीला घालायचाय.” मी भिंतीकडे बघितलं. एकही चौकोन रिकामा नव्हता. एकीचा कपडा मागे सारला असता तर झालं असतं, आणि तिला सांगायचं काय? परवा? माझ्या तोंडातून निघालं, “मास्तर, गणपतीनंतरच्या मंगळवारी.” तुम्ही म्हणालात, “मलाही?” मी म्हटलं, “तुम्हालाही.” मला वाटलं, उठून जाल. तुम्ही कापड टेबलावर ठेवलंत, हात आडवे पसरून उभे राहिलात आणि म्हणालात, “मग माप तरी घे.” पन्नास वर्षं लोकांची मापं घेतलेला माणूस माझ्यासमोर हात पसरून उभा होता, आणि मी त्याच्या खांद्याला टेप लावत होते.

त्या मंगळवारी सकाळी मी साडेआठला दुकान उघडायला आले तेव्हा तुम्ही पायरीवर बसला होतात. शर्ट घातलात. कॉलरवरून बोटं फिरवलीत आणि म्हणालात, “डावं टोक केसभर खाली आहे.” होतंच. चांगला म्हणाला नाहीत, तारखेबद्दल अक्षर काढलं नाहीत. पण मास्तर, परवा म्हणजे कधीच नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी माझी तारीख खरी धरून तुम्ही मंगळवारीच आलात, आणि मी कुलूप काढायच्या आधी आलात. काकूंना मी हे सांगणार नाही. लोकांना वाटेल मी स्वतःची टिमकी वाजवतेय. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

आता चार वाजत आलेत, बायका येतील. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि पाठवायला तुमचा पत्ताही नाही. आजही दारात तुम्ही आलात तर मी तेच उत्तर देईन. त्यात माझं काही चुकलं असं मी मानत नाही.

फक्त एक गोष्ट. दर वर्षी मी तुमच्या घरी गणपतीच्या दर्शनाला येत असे. त्या वर्षी आले नाही. तुमच्या सुनेला निरोप दिला की दुकानात खूप काम आहे. काम नव्हतं, दुकान त्या दिवशी बंद होतं. तुम्ही कुठला शर्ट घालून आरतीला उभे आहात, ते मला बघवलं नसतं.