पाळीचं मोठ्यानं बोलणाऱ्या आत्याबाईंना

प्रिय आत्याबाई,

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर सगळे अंगणात बसून तुमच्या गोष्टी सांगत होते. बाजारात तुम्ही दलालाला कसं गप्प केलंत, कौंडण्यपूरच्या जत्रेत स्वतः चुकलात आणि सापडल्यावर ‘तुमी कुठं हरवले होते?’ म्हणून आम्हालाच कशा रागावलात. सगळे पोट धरून हसले.

पण तुमची सर्वांत मोठी गोष्ट कुणी काढली नाही. कशी काढणार? ती माझ्या पाळीची गोष्ट, आणि अंगणात पुरुष बसलेले. म्हणून ती तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक आहे. तिथं कुणाकडून तरी वाचून घ्या. मोठ्यानं वाचलं तरी चालेल, तुम्हाला कुठं कशाची लाज होती?

मी तुमची सून होऊन अंजनगावात आले तेव्हा आपला पानमळा ऐन भरात होता. पाळीच्या बाईनं मळ्यात पाय टाकला की नागवेल सुकते, अशी घराघरांतली समजूत. त्यामुळे मळ्यात कोण दिसत नाही यावरून कोण बाहेर बसली आहे हे गड्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं. माहेरी परतवाड्याला आई हे कानात सांगायची, आणि इथं तर सगळा उघडा कारभार!

सुरुवातीला माझं ठीक चाललं. मग काय झालं कोण जाणे, मी बाहेर बसले की लवकर आत येईना. आले की पुन्हा बसायची पाळी. अंगावरून इतकं जायचं की उभं राहिलं तरी डोळ्यांपुढे अंधारी. केसांचे पुंजके फणीत यायचे. आवाज घोगरा झाला. वैशाखात सगळे उघड्यावर वारा शोधत असायचे आणि मी गोधडी ओढून बसलेली. तोंड सुजल्यासारखं, अंगात जोर नाही. भाकरी थापता थापता मला झोप यायची, आठवतं?

बायका म्हणायच्या, सून आळशी आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

त्यात लेकरू नाही. आणि त्याच वर्षी मळ्यातल्या वेली मुळाशी कुजून मरायला लागल्या. तुमचे थोरले दीर, माझे थोरले मामंजी, घरात कर्ते. ते ओसरीवर येऊन म्हणाले, “हिच्या विटाळानं मळा चालला. नामदेवासाठी दुसरी पोरगी पाहिली हाय मी. घर चांगलं हाय.”

मी आत दाराआड बसले होते. माझे मालक खाली मान घालून बसले.

तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा केलात, दिरापुढे कधी बोलला नव्हतात तशा बोललात. “दादाजी, पोरगी चांगली असंल तर तिच्यासाठी बिनलग्नाचा पोरगा पाहा. आमच्या नामदेवाचं झालं.”

“अन् वेली?”

“वेलीचं मंग पाहू. आधी पोरीचं पाहतो मी.”

दुसऱ्या सकाळी आपण दोघी छोट्या रुळाच्या आगगाडीत बसलो. मूर्तिजापूरला मोठी गाडी धरली आणि अकोल्याला उतरलो. तिथं बायकांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, हे तुम्ही बाजारात तुमच्याकडे भाजी-फुलं घ्यायला येणाऱ्या मास्तरीणबाईंकडून काढून घेतलं होतंत. वाटेत मी विचारलं, “आत्याबाई, तिथं काय सांगायचं?” तुम्ही म्हणालात, “तू गप बस. मी सांगतो.”

आणि सांगितलंत तरी कसं! बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांनासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात. किती जातं, किती दिवस जातं, गाठी पडतात, कपडे पुरत नाहीत, थंडी वाजते, शौचाला होत नाही, नवऱ्यावर खेकसत नाही, खेकसायलाही हिच्यात जोर नाही. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं.

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, “माझ्याकडे सासवा येतात त्या मूल का होत नाही एवढंच विचारतात. पाळीचं विचारलं की म्हणतात, ते काय, बाईच्या जातीला असतंच. तुम्ही सगळं सांगितलंत, फार बरं केलंत.”

मग त्यांनी माझा गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं, नाडी पाहिली. मला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवलं आणि टाचेच्या वर छोट्या हातोडीनं टिचकी मारली. पाऊल हललं खरं, पण जाग्यावर यायला त्याला घाई नव्हती.

तुम्ही म्हणालात, “बाई, दुखनं पाळीचं हाय. पायाले काहून मारून राहिल्या?”

त्या खूप हसल्या. मग मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

त्यांनी समजावलं ते मला अजून पाठ आहे. गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात मिसळतो आणि अंगाची ऊब, जोर, झोप, सगळं त्यावर चालतं. तो कमी पडला की शरीर सुस्तावतं, टिचकी मारलेलं पाऊलसुद्धा सावकाश परततं, आणि पाळीही बिघडते. “अशा आणखीही ग्रंथी आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यांचं आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसत नाही. पण पाळी बाहेर येऊन सांगते. प्रत्येकीची चाल थोडी वेगळी असते. आपली नेहमीची चाल बदलली, फार जायला लागलं किंवा येईनाशी झाली, तर विचारायला यायचं. विटाळ म्हणून बाजूला सारायचं नाही.”

“म्हंजे ही आळशी नाई?” तुम्ही विचारलंत.

“अजिबात नाही.”

आत्याबाई, तेव्हा मी रडले ते त्या दोन शब्दांमुळे.

मग गोळ्यांची गंमत. गोळ्या कशाच्या, असं तुम्ही विचारलंत आणि डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या. तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ त्यांना दिसली होती. “मेंढीच्या गळ्यातली तीच ग्रंथी वाळवून केलेली भुकटी असते,” त्या हळूच म्हणाल्या. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं! तुम्ही बाटली घेतलीत, पदरात बांधलीत.

परतीच्या गाडीत कितीतरी वेळ तुम्ही खिडकीबाहेरची कपाशी पाहत होतात. मग म्हणालात, “माही लहानी बहीण होती, भागू. तुह्यासारखीच गोधडी घेऊन बसे. सासरच्यांनी आळशी म्हणून माहेरी धाडली. तिथंच गेली. तिले कोनी काही इचारलंच नाई.” मग पदरातली बाटली चाचपत म्हणालात, “मेंढीचं पाप लागलं तर मले लागू दे. तू गोळी गिळ.”

रोज सकाळी तुम्ही स्वतः पाणी घेऊन समोर उभ्या राहायचात. आधी गोधडी सुटली, मग आवाज उघडला. हळूहळू पाळी आपल्या चालीवर आली. एक दिवस मी तुमच्याशी आमटीतल्या मिठावरून कडाक्यानं भांडले. दुसरी सासू रागावली असती. तुम्ही शेजारणीला हाक मारून सांगितलंत, “सून भांडाले लागली, औषध लागू पडलं!”

वेली त्या वर्षी गेल्याच. पुढच्या वर्षी चर खोल खणले, पाणी साचू दिलं नाही, तेव्हा मळा पुन्हा उभा राहिला. थोरल्या मामंजींनी विटाळाचं नाव पुन्हा काढलं नाही. माझी लेक काशी झाली तेव्हा तिला पहिल्यांदा मांडीवर त्यांनीच मागून घेतलं.

जर्मनीशी लढाई चालली होती त्या दिवसांत विलायतेहून येणाऱ्या या गोळ्या मिळेनात. माझी पाळी पुन्हा लांबायला लागली, हे माझ्याआधी तुम्हाला कळलं. एकट्या अमरावतीला गेलात आणि दुकानं पालथी घालून बाटली घेऊनच आलात. संधिवातानं पाय धरले होते तुमचे. मी ओरडले, तर म्हणालात, “अमरावती पाहाची होती मले.”

एक तक्रार मात्र आहे. माझी गोष्ट तुम्ही अर्ध्या बाजाराला सांगितलीत. भाजी घ्यायला आलेल्या बायकांना वांगी तोलता तोलता विचारायचात, “पाळी नीट येते का वं?” मी लाजेनं मरायची. तुम्ही मात्र दोघी-तिघींना अकोल्याची वाट दाखवलीत. आता तुम्ही नाहीत, तर त्या बायका माझ्याकडे येतात. हे काम माझ्या गळ्यात टाकताना मला विचारायचं तरी होतं!

काल विहिरीवर पलीकडच्या गल्लीतली आंबू भेटली. न्हाण येऊन चार वर्षं झाली. आता पाळी कितीक महिने येतच नाही, हनुवटीवर राठ केस यायला लागलेत. आई म्हणते, बरं झालं, बाहेर बसायचे दिवस वाचले. आंबू पदरानं हनुवटी झाकून बोलत होती. तिचं दुखणं माझ्यासारखं दिसत नाही. काय आहे ते डॉक्टरीणबाईच पाहतील. त्यांनाही कळेल की नाही, सांगता येत नाही. पण विचारल्याशिवाय राहायचं नाही.

तर आत्याबाई, तुम्हाला शब्द देते. सोमवारी आंबूला घेऊन मी अकोल्याला जाणार. काशीलाही सोबत नेणार, तिनं सगळं ऐकावं म्हणून. आंबूचा बाप नाही म्हणतो आहे. पोरीची बदनामी होईल, लग्न अडेल, म्हणतो. उद्या सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसते. हो म्हणेपर्यंत उठत नाही.

तुमची भांडखोर सून,
रखमा