कढई यंदा चुलीवर चढली नाही

प्रिय आबाजी,

आज आपल्या गावात मीठ झालं नाही. तुम्ही शंभरीला टेकून गेलात, त्यानंतरचा हा पहिलाच मिठाचा दिवस, आणि कढई चुलीवर चढलीच नाही! तुमचा नातू, आपला प्रल्हाददादा, अजून घुश्शात आहे. सरपंच झाल्यापासून त्याला राग फार लवकर येतो. म्हणतो, "आबाजी असते त तुले दारात उभं नसतं केलं." तुम्ही असता तर काय केलं असतं, हे तुम्हालाच विचारावं म्हणून लिहायला बसले. उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. जिवंतपणी तरी माझ्या कुठल्या पत्राला वेळेवर उत्तर दिलंत?

लहानपणी मी समुद्र पाहिला नव्हता, पण खारट पाणी पाहिलं होतं. पूर्णेकाठचं आपलं खारपाण! या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, कपाशीच्या पराटीला दिलं तर जमीन पांढरी पडते. या गावात मुलगी द्यायची तर बाप दहादा विचार करतो. आणि गोऱ्या सरकारच्या मिठाच्या कायद्याविरुद्ध देश उठला, तेव्हा तुम्ही विशीतली पोरं म्हणालात, समुद्र नसला म्हणून काय झालं, आपली विहीर काय कमी खारट आहे? केवढा अभिमान होता मला! मनगटावरची लाठीची गाठ तुम्ही माझ्या मैत्रिणींना दाखवायचात, आणि मी मालकीण असल्यासारखी शेजारी उभी राहायची.

शाळेत निबंध होता, स्वराज्य म्हणजे काय. तुम्हाला विचारलं तर तुम्ही वाती वळत होतात. मान वर न करता म्हणालात, "तहान लागली त कोनाले इचाराचं काम पडू नये. थेच स्वराज." मी हिरमुसले. मला झेंडा, तुरुंग, घोषणा असलं काहीतरी मोठं हवं होतं.

तुम्ही कायदा मोडलात त्या दिवसाची उरलेली गोष्ट फार उशिरा सांगितलीत. मारुतीपुढची विहीर तशी बरी, तिच्या पाण्याचं मीठच होईना. खरं खारट पाणी गावाच्या त्या टोकाला, आजच्या बौद्धपुऱ्यात. तिथल्या सुमनमावशीच्या वडिलांनी घागरी भरून दिल्या, तुम्ही त्या शिवेवरून उचलून आणल्या आणि मीठ झालं. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलात. सुटून आलात तेव्हा त्यांच्या घरच्या बाया मारुतीच्या विहिरीपाशी तशाच उभ्या होत्या, कोणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहत. त्यांचं खारं पाणी चाललं, दोराला त्यांचा हात चालला नाही.

"पोरी, आमी सरकारचा कायदा मोडला. इहिरीचा नाई मोडला. तो मोडाले त लाठीबी खा लागत नोती." हे सांगताना तुम्ही रडलात. मी तुम्हाला तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

म्हणून तर तुम्ही मिठाचा दिवस सुरू केलात ना? चैत्रात त्या टोकाच्या विहिरीचं पाणी आणायचं, पहिली घागर सुमनमावशीच्या घरची, चौकात कढईत उकळायचं, आणि तेच मीठ घालून सगळ्या गावाने एका पंगतीत झुणका-भाकर खायची. सुरुवातीला पंगतीत तुम्ही आणि तिकडचेच लोक असायचे, आपली माणसं दारं लावून घ्यायची. पुढे हळूहळू दारं उघडली. तुम्ही हट्टी होतात म्हणून उघडली.

पण आबाजी, एक विचारू का? रागावू नका. वर्षातून एकदा एकत्र जेवलं की झालं, असं नंतर तुम्हालाही वाटायला लागलं होतं का हो? मला तर वाटत होतं.

यंदाचं काय सांगू! दुसरं वर्ष पावसाने दगा दिला. पराटी गुडघ्याला लागली नाही. पोरं सुरतेला गेली. गावात कर्जापायी दोन तिरड्या अशा उठल्या, की मागे पुढाऱ्यांच्या गाड्या लागल्या, आणि तेरवीला त्यांतलं कोणी फिरकलं नाही. प्यायचं पाणी टँकरचं. तो चौकातल्या मारुतीच्या विहिरीत रिकामा होतो आणि ज्याने त्याने ओढून घ्यायचं. बौद्धपुऱ्यातल्या बाया लांबून येईपर्यंत खाली गाळ राहतो. आता त्यांना कोणी अडवत नाही. फक्त त्यांचा नंबर शेवटी येतो.

मी शहरातल्या, राजापेठेतल्या माझ्या शिकवण्या सोडून काल आले. आज सकाळी चौकात मांडव, तुमचा हार घातलेला फोटो, अकोल्याहून पाहुणे यायचे होते. चूल मी पेटवायची, असं ठरलेलं. काडेपेटी हातात घेऊन मी सुमनमावशीची वाट पाहत होते. ती आली. सत्तरीची बाई, घागर कमरेवर, पण रिकामी.

"काहून वं मावशी, घागर रिकामी?" दादाने विचारलं.

"खारं देत आली आजवर. माह्या बापानंबी देल्लं. आज गोड न्याले आली," ती म्हणाली. "सून दोन दिसापासून खारंच पिऊन राह्यली. पोटुशी हाय थे. आमचं खारं तुमाले पुरते, तुमचं गोड आमच्यापावतर काहून नाई येत?"

तेवढ्यात टँकर चौकात शिरला.

मी म्हटलं, "दादा, टँकर आधी तिकडं जाऊ दे."

"तिकडं कायच्यात खाली करू? त्यायच्या इहिरीत टाकलं त खारं होते. टाकी हाय का तिथं?"

इतकी वर्षं हेच उत्तर होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मला काय सुचलं देव जाणे. तुमची ती अवाढव्य कढई समोर होती. मी म्हटलं, "हिच्यात कर."

दादा हसला. मग मी काडेपेटी त्याच्या हातात ठेवली आणि कढईचा एक कान धरला. ती काय मला हलते? दुसरा कान सुमनमावशीने धरला. आम्हा दोघी म्हाताऱ्यांची ती खटपट पाहून पंगतीला आलेली माणसं पुढं झाली. कढई खांद्यावर गेली, मागून पंगतीची गंज-पातेली, ड्रम, बादल्या. टँकर निमूट मागे आला. दादाही आला, शिव्या देत, पण दोन बादल्या हातात घेऊन.

पाहुणे आले तेव्हा चौकात फक्त तुमचा फोटो होता. तेही बिचारे विचारत विचारत तिकडे आले. पंगत तिथंच बसली. झुणक्यात दुकानातलं मीठ होतं. सुमनमावशीची सून ओसरीवर बसून पाणी प्यायली, तांब्याभर, एका दमात, कोणाला काही न विचारता. माझा निबंध मला तिथे पुरता कळला.

मला ठाऊक आहे, एका दिवसाने काही होत नाही. उद्या टँकर पुन्हा चौकात थांबू पाहील. म्हणून सांगते: पाऊस लागेपर्यंत मी इथून हलणार नाही. शिकवणीच्या पोरींना निरोप धाडलाय. टँकर रोज आधी त्या टोकाला लागेल, आणि तिथे पक्की टाकी होईपर्यंत तुमची कढई तिथंच राहील. मीठ त्यानंतर करू.

आणि आबाजी, विहिरीचा तो राहिलेला कायदा आज थोडासा मोडला. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. लाठी खरंच खावी लागली नाही.

तुमची नात,
लता